येरळेची वाळू आणि काठावरच्या विहिरी : बळीराजा स्मृती धरणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एप्रिल २०१६ मध्ये मिरज जंक्शनवरून लातूरकडे पाण्याची रेल्वे रवाना झाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्यांतून प्रत्येक खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी पाठविले गेले. या घटनेमुळे मिरज हे पाण्याने समृद्ध असलेले गाव म्हणून देशभर ओळखले गेले. कृष्णाकाठापुरते पाहिल्यास ही ओळख चुकीची नाही. परंतु त्याच सांगली जिल्ह्यात, मिरजेपासून उत्तरेला काही तासांच्या अंतरावर, येरळा नदीच्या काठची गावे पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाशी झुंजत आलेली आहेत. त्या गावांनी १९८० च्या दशकात नदीतील वाळू व विहिरीतील पाणी यांचा संबंध ओळखून शासनापुढे एक प्रश्न मांडला होता. नदीपात्रातून वाळू, गोटे वा खडी काढावयाची असेल तर त्यामुळे भूजलाची जी हानी होते तिचा हिशेब कोणी व कसा ठेवावयाचा, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा इतिहास तपासला आहे.

येरळा व तिचे पात्र

येरळा नदी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात उगम पावते. वडूजवरून ती दक्षिणेकडे वाहत येते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे कृष्णेला मिळते. महाबळेश्वराच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस शिराळ्याकडे भरपूर पाऊस पडतो, तर खानापूर-आटपाडीच्या पठारावर सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. त्यामुळे येरळा पावसाळ्यात काही दिवस दुथडी वाहते आणि उरलेले वर्ष कोरडी दिसते.

'दिसते' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पात्रात दोन-तीन मीटर वाळूचा थर असेल तर नदीचे पाणी संपलेले नसते, ते वाळूखाली गेलेले असते. उन्हाळ्यात वाळूत झिरे खोदून घागरी भरण्याची पद्धत या भागातील जुन्या पिढीला चांगली परिचित होती. काठावरच्या बुडक्यांवर चालणाऱ्या मोटा याच लपलेल्या पाण्यावर अवलंबून असत.

या पाण्याचे मोल समजण्यासाठी खडकाचा विचार करावा लागतो. सांगली-सातारा भागातील जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठण्यास मुळातच जागा कमी असते. वरचा मुरूम, त्याखालचा मांजऱ्या खडक आणि भेगा एवढ्यातच काय ते पाणी राहते. केंद्र शासनाच्या भूजल अंदाज समितीने १९९७ च्या कार्यपद्धतीत झिजलेल्या काळ्या पाषाणासाठी विशिष्ट जलदेयता सुमारे दोन टक्के, तर वालुकामय गाळासाठी सुमारे सोळा टक्के धरण्याची शिफारस केली आहे. म्हणजे एक घनमीटर झिजलेल्या खडकातून वीस लिटर पाणी मिळत असेल, तर तेवढ्याच वाळूतून एकशेसाठ लिटर मिळते. ज्या प्रदेशात खडक पाणी देत नाही तेथे नदीची वाळू हीच गावाची टाकी ठरते.

हा हिशेब बाजाराच्या मापात मांडला तर अधिक स्पष्ट होतो. वाळूची विक्री ब्रासने होते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. सोळा टक्क्यांच्या प्रमाणाने एका ब्रासमध्ये सुमारे ४५० लिटर उपसण्याजोगे पाणी मावते. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने एका माणसाला आठ दिवस पुरेल एवढे हे पाणी आहे. नदीचे एक किलोमीटर लांब, शंभर मीटर रुंद व तीन मीटर खोल वाळूचे पात्र कल्पिले, तर त्यात तीन लाख घनमीटर वाळू आणि सुमारे चार कोटी ऐंशी लाख लिटर पाणी साठते. मिरजेहून सुटलेल्या पन्नास वाघिणींच्या एकोणीस गाड्यांएवढे हे पाणी होय, आणि ते कोणत्याही इंजिनाशिवाय जागच्या जागी दर पावसाळ्यात पुन्हा भरते. वाळू मात्र एकदाच विकली जाते.

यात आणखी एक बाब आहे. वाळूचा वरचा थर वाळला की खालच्या पाण्याचे बाष्पीभवन फारच मंदावते. त्यामुळे पात्रातील पाणी वैशाखातही टिकते. तेथे खड्डा केला की तेच पाणी उघड्यावर येते व उन्हाने आटते. शिवाय पात्र खोल गेले की दोन्ही काठांच्या जमिनीतील भूजलाला उतार मिळतो. विहिरीतले पाणी नदीकडे ओढले जाते. पूर्वी नदी विहिरीला पाणी देत असे, आता विहीर नदीला देऊ लागते. ज्या शेतकऱ्याने वाळूच्या एका कणालाही हात लावलेला नसतो त्याच्या विहिरीचे पाणी अशा रीतीने कमी होते.

पात्रावरील मालकी

वाळू कोणाची, याचे उत्तर कायद्याने फार पूर्वीच दिले होते. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने नदीपात्रे सरकारच्या मालकीची ठरविली. स्वातंत्र्योत्तर काळातील १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हेच तत्त्व कायम ठेवले आणि कलम ४८ अन्वये खनिजांवरील शासनाचा हक्क स्पष्ट केला. दरम्यान १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने इमारती दगड, खडी, साधी माती व साधी वाळू यांना 'गौण खनिज' असे नाव दिले व त्यांबाबतचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविला.

'गौण' हा शब्द महसुलाच्या दृष्टीने दिलेला आहे. सोने, लोखंड, कोळसा यांच्या तुलनेत वाळू गौण खरी. परंतु बलवडीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सोन्याची खाण गौण आणि नदीतली वाळू प्रमुख होती. कायद्याच्या परिभाषेत ही बाजू कोठेच येत नव्हती. लिलावात वाळूचे मोजमाप होई, किंमत ठरे आणि रक्कम तिजोरीत जमा होई. वाळूतील पाण्याचे मोजमाप करण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे त्याची किंमत शून्य धरली गेली. मुंबई-पुण्याकडील व जिल्ह्यातील शहरांकडील बांधकाम वाढत गेले तसे वाळूचे मालमोटारींचे फेरे वाढले, आणि तक्रार करावयास गेलेल्या गावकऱ्याला नदी सरकारची आहे, एवढेच उत्तर मिळत राहिले.

खडी फोडणारे हात

खानापूर तालुक्यात हा प्रश्न उभा राहण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. पहिली म्हणजे दुष्काळ. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कल्पना कायद्याच्या रूपात आली आणि दुष्काळी तालुक्यांत हजारो स्त्री-पुरुष रस्त्याच्या कामावर व खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागले. दुसरी म्हणजे जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप. संप लांबला तसे सातारा-सांगलीकडील गिरणी कामगार गावी परतले. संघटनेचा अनुभव असलेली ही माणसे ऐन टंचाईच्या काळात शेतात व रोजगार हमीच्या कामांवर दिसू लागली.

याच वातावरणात मुक्ती संघर्ष चळवळ आकारास आली. डॉ. भारत पाटणकर हे तिचे प्रमुख कार्यकर्ते होते. चळवळीची सुरुवात मजुरी व काम यांच्या मागणीपासून झाली, पण ती तेवढ्यावर थांबली नाही. वर्षानुवर्षे खडी फोडूनही पुढच्या वर्षी दुष्काळ तसाच येत असेल तर ही मेहनत कोणाच्या उपयोगी पडते, असा प्रश्न मजुरांमधूनच विचारला जाऊ लागला. दुष्काळात काम द्यावयाचे तर ते दुष्काळ हटविणारे असावे, ही मागणी त्यातून निघाली. रोजगार हमीच्या इतिहासात या मागणीचे महत्त्व जेवढे ओळखावयास हवे तेवढे अद्याप ओळखले गेलेले नाही.

लोकविज्ञान चळवळीतील अभ्यासकांनी या कामात साथ दिली. पाऊस, पीक, विहिरी व नदी यांविषयी गावकऱ्यांचे ज्ञान आणि अभियंत्यांचे शास्त्र एकत्र आले. येरळाकाठच्या बलवडी व तांदुळवाडी या गावांच्या चर्चेत वाळूचा मुद्दा अपरिहार्यपणे पुढे आला, कारण वाळू जाते तसे विहिरींचे पाणी खाली जाते हे गावाने प्रत्यक्ष पाहिले होते.

वाळू विकून धरण

या दोन गावांनी जी योजना मांडली ती प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ज्यांनी वाळूच्या उपशाला विरोध केला त्यांनीच वाळू विकून धरण बांधण्याचा प्रस्ताव ठेवला. पात्रातील वाळूचा मर्यादित हिस्सा गावाने स्वतः काढावा, त्याच्या विक्रीतून येणारा पैसा येरळेवर लहान धरण बांधण्यासाठी वापरावा, आणि ठेकेदारांचा उपसा बंद व्हावा, असे तिचे स्वरूप होते. संपतराव पवार यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते या कामात अग्रभागी होते. ज्येष्ठ अभियंते के. आर. दात्ये यांचे तांत्रिक मार्गदर्शन लाभले. शासनाची संमती सहजासहजी मिळाली नाही. नदी सरकारची, वाळू सरकारची आणि धरण बांधण्याचा अधिकारही सरकारचा, अशा चौकटीत गावाने स्वतःचे धरण बांधावे ही गोष्ट बसणारी नव्हती. मोर्चे, धरणे, वाटाघाटी यांनंतर परवानगी मिळाली आणि दशकाच्या उत्तरार्धात श्रमदान, वाळूविक्रीचा पैसा व हितचिंतकांची मदत यांतून धरण उभे राहिले. त्यास 'बळीराजा स्मृती धरण' असे नाव देण्यात आले.

वरील विसंगती वरवरची आहे. वाळू काढणे हेच मुळात पाप, अशी गावकऱ्यांची भूमिका नव्हती. घर त्यांनाही बांधावयाचे होते. किती वाळू काढावयाची, ती कोणी ठरवावयाची आणि तिच्या बदल्यात त्याच पात्राला काय परत द्यावयाचे, हा त्यांचा मुद्दा होता. वाळूच्या रूपाने साठवणीची काही जागा गेली तर तेथेच धरणाच्या रूपाने साठवण निर्माण व्हावी, अडलेल्या पाण्याने काठच्या विहिरींना पाझर मिळावा, असा हा सरळ व्यवहार होता. आजच्या परिभाषेत यास खाणकामाची भरपाई म्हणता येईल. फरक एवढाच की ही भरपाई त्याच नदीत, त्याच गावांना आणि पाण्याच्याच रूपाने होणार होती.

पाणीवाटपाबाबतही गावांनी वेगळा मार्ग स्वीकारला. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीच्या रूपाने माणशी पाण्याचे जे तत्त्व रुजविले होते, त्याचा प्रभाव येथे दिसतो. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न ठेवता भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास देण्याचे ठरले. वाळूच्या प्रश्नाशी याचा जवळचा संबंध आहे. वाळू जर साऱ्या गावाची, तर तिच्या पैशातून अडविलेले पाणी केवळ जमीनमालकांचे कसे होईल? पुढे १९९० च्या दशकात आटपाडीच्या पाणी परिषदांमधून समन्यायी वाटपाची जी मागणी उभी राहिली, तिची एक मुळी बलवडीत आहे.

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना भाबडेपणा टाळावयास हवा. एक लहान धरण संपूर्ण येरळेचा उपसा थांबवू शकत नाही. वरच्या व खालच्या गावांत वाळूचा व्यापार चालूच राहिला आणि पुढील काळात त्यास यंत्रांची जोड मिळाली. तसेच धरण झाले म्हणून पात्रातील वाळू पूर्ववत होते असे नाही, उलट वरून येणारी वाळू बंधाऱ्यामागे अडते व खालच्या पात्राला कमी मिळते. काळा पाषाण झिजून वाळू होण्याची क्रिया माणसाच्या आयुष्याच्या मापाने मोजता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न किती काढावयाची हाच राहतो, भरपाई त्यानंतर येते. बलवडीकरांनी हा क्रम पाळला होता.

मिरजेकडील वेगळी समस्या

येरळेवरून कृष्णाकाठी मिरज तालुक्यात आले की प्रश्नाचे रूप पालटते. येथे नदी बारमाही आहे, कोयनेच्या पाण्याचा आधार आहे आणि सांगली व म्हैसाळ येथील बंधाऱ्यांमुळे पात्रात पाणी उभे असते. काठची काळी कसदार जमीन उसाखाली आहे. अतिरिक्त सिंचनाने भूजल वर आले, पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागावर आले आणि एके काळची उत्तम रानं पांढरी पडली. खानापुरात पाणी खाली गेल्याने जे नुकसान होते ते येथे पाणी वर आल्याने झाले. मिरज तालुक्यातच कसबे डिग्रज येथे कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, आणि क्षारपड जमिनींची सुधारणा हा या परिसरातील शेतीशास्त्राचा प्रमुख विषय बनला आहे.

या सुधारणेचा अनुभव खाणीच्या चर्चेत उपयोगी पडतो. क्षारपड जमीन सुधारण्यासाठी सुमारे मीटरभर खोलीवर सच्छिद्र नळ्या टाकाव्या लागतात, जिप्सम द्यावे लागते, धैंचासारखी हिरवळीची पिके गाडावी लागतात आणि क्षार धुऊन जाण्याची वाट पाहावी लागते. शिवाय एकट्या शेतकऱ्याने हे करून भागत नाही. सांडपाणी ओढ्याला नेण्यासाठी शेजाऱ्याच्या शेतातून वाट लागते. येथे माती जागेवर असते, केवळ तिचे गुण बिघडलेले असतात, आणि तरीही ती सुधारण्यास इतका खटाटोप व इतका काळ लागतो. मग जेथे माती, मुरूम व वाळू उचलून नेलेली असते तेथे परवान्यातील 'खड्डे बुजवून जमीन पूर्ववत करावी' या अटीचा अर्थ काय राहतो? खड्ड्यात राडारोडा वा चिकणमाती भरली तर पृष्ठभाग सपाट होईल, त्यावर झाडेही लागतील. पाणी धरण्याचा व सोडण्याचा वाळूचा गुण मात्र परत येणार नाही.

कृष्णेचे पात्र वाळूउपशाने खोल झाले तर काठच्या क्षारपड जमिनींचा निचरा सुधारेल, असा युक्तिवाद कोणी करू शकेल. तो फसवा आहे. निचरा पात्राच्या तळावर अवलंबून नसून पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतो आणि ती पातळी बंधारे ठरवितात. तळ खोल गेल्याने जमीन सुधारत नाही, काठ तेवढे ढासळतात.

कायद्याची उशिरा आलेली जाण

बलवडीने जो प्रश्न १९८० च्या दशकात विचारला त्याची दखल कायद्याने घेण्यास सुमारे पाव शतक लागले. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज क्षेत्रांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. केंद्राच्या २०१६ च्या वाळू खाणकाम मार्गदर्शक सूचनांनी नदीपात्रातील उपशाची खोली तीन मीटर अथवा पाण्याची पातळी, यांपैकी जे कमी असेल तेवढीच ठेवण्यास सांगितले आणि जिल्हा सर्वेक्षण अहवालाची पद्धत घातली. महाराष्ट्रात वाळूघाटांच्या लिलावापूर्वी ग्रामसभेची शिफारस व भूजल यंत्रणेचा अभिप्राय घेण्याची तरतूद झाली. कागदावर तरी पाणी व गाव यांना स्थान मिळाले.

हिशेबाची पद्धत मात्र फारशी बदललेली दिसत नाही. भूजल यंत्रणेचा अहवाल 'उपसा करण्यास हरकत नाही' वा 'हरकत आहे' एवढेच सांगतो. किती लिटर साठवण जाणार व ती कोठे भरून दिली जाणार, हे त्यातून निघत नाही. २०२३ च्या धोरणात शासकीय आगारातून ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे ठरले. घर बांधणाऱ्या सामान्य माणसास त्यात दिलासा होता. त्या ६०० रुपयांत वर्षानुवर्षे भरणाऱ्या ४५० लिटरच्या जागेचे मूल्य किती धरले, असा प्रश्न धोरणावरील चर्चेत क्वचितच निघाला.

२०२५ मध्ये राज्याने नदीच्या वाळूऐवजी कृत्रिम वाळूस उत्तेजन देणारे धोरण स्वीकारले. नदीच्या दृष्टीने ते स्वागतार्ह आहे. परंतु कृत्रिम वाळू म्हणजे डोंगर फोडून, दळून केलेली खडीच होय. तिची मागणी वाढेल तसा उपशाचा भार पात्राकडून टेकड्यांकडे, म्हणजे मिरजेच्या पूर्वेकडील दंडोबाच्या डोंगररांगेसारख्या भागांकडे सरकण्याची शक्यता आहे. तेथील पाणी वाळूत नसून खडकाच्या भेगांत आहे. घनमीटरमागे ते वीस लिटरच असले तरी पायथ्याच्या विहिरींना तेवढाच आधार असतो. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की कोरडी ठेवण्यासाठी पंप लावावा लागतो. तो पंप उपसतो ते पाणी कोणत्या विहिरीचे, याची नोंद खाण सुरू होण्यापूर्वी, निदान दोन उन्हाळे परिसरातील विहिरींच्या पातळ्या मोजूनच करता येते. येरळाकाठच्या गावांनी अशा पातळ्या कोणत्याही यंत्राशिवाय, मोटेच्या दोराच्या लांबीवरून ओळखल्या होत्या.